चोंगचिंगचं स्थळ

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक, शेजारीपाजारी आणि मेट्रोपॉलिटन लाइनवरचे सहप्रवासी यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, विलायतेत हॅरो मुक्कामी, चहाच्या वेळेला, आमच्या घराण्यात चीन देशातल्या एका शहराला बघण्याचा कार्यक्रम यथासांग पार पडला. शहराच्या बाजूनं दोन माणसं आली होती. आमच्या बाजूनं आम्ही चौघं होतो. कांदेपोहे झाले, चहा झाला, ओळखीपाळखी झाल्या. शहर स्वतः येऊ शकलं नाही, कारण ते एका डोंगरावर बसलेलं आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी नद्या वाहतात.

हे वाचून ज्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटली असेल त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

आमची मुलगी ट्रान्सपोर्ट प्लॅनर आहे. बस कुठे थांबावी, जिना कुठे असावा, माणसांनी रस्ता कुठून ओलांडावा, असल्या गोष्टी ठरवणारी जी मंडळी असतात त्यांतली ती एक. लहानपणी तिला आगगाडीचा खेळण्यातला सेट दिला तेव्हा तिनं गाडी कपाटावर ठेवली आणि स्टेशनबाहेर बाहुल्यांची रांग लावली, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं. तर तिच्या कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी चोंगचिंगला जाशील का, असं विचारलं. डोंगरउतारावरच्या शहरात माणसं कशी हलवायची, याचा अभ्यास. या विषयासाठी जगात त्याहून चांगली जागा नाही, हे तिनं मला जेवताना, गाडीत, फोनवर आणि एकदा बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून सांगितलं होतं. उत्तर सोमवारी सकाळी द्यायचं होतं.

यात अडचण एकच, आणि ती म्हणजे माझे सासरे.

सासरे निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन. गुडघे आणि खुबे. या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांत त्यांचं काम आहे, असं ते अभिमानानं सांगतात, आणि हाय स्ट्रीटवर कोणी लंगडताना दिसलं की "हा माझा नाही," असं हळूच म्हणतात. सासूबाई गेल्या, आणि हॅरोच्या टेकडीवरचं ते घर एकाएकी फार मोठं झालं. त्यानंतर महिन्याभरात मुलगी दोन बॅगा घेऊन त्यांच्याकडे राहायला गेली. "तिथून ट्रेन जवळ पडते," असं तिनं कारण दिलं. आम्ही पिनरला राहतो. पिनरहून हॅरो दोन स्टेशनं. एवढ्याशा अंतरासाठी कोणी घर बदलत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कोणी ते बोललं नाही.

आता ती म्हणाली, "आजोबा हो म्हणाले तर मी जाणार. नाही म्हणाले तर नाही जाणार. आणि तुम्ही दोघांनी त्यांना कन्व्हिन्स नाही करायचा. प्रॉमिस?"

बायकोनं प्रॉमिस केलं. मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा अर्थ या देशात कोणालाच नीट कळत नाही, त्याचा मी पुष्कळदा फायदा घेतो.

तिनं सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. म्हणाले, "चोंगचिंग. कोणाचं कोण?"

"शहर आहे, आजोबा. चीनमध्ये."

"ते कळलं. माहिती काय? स्थळाची माहिती काढल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणत नाही. तुझ्या आईच्या वेळीसुद्धा म्हटलं नव्हतं."

हे त्यांनी टाळण्यासाठी म्हटलं होतं. पण मी तिथं हजर होतो, आणि माझ्यासमोर असली वाक्यं उघडी टाकून जाणं बरं नव्हे.

त्यांनी 'तुझ्या आईच्या वेळी' म्हटलं ते स्थळ म्हणजे मी. तेव्हा मी पुण्याहून नुकताच वर्क व्हिसावर आलो होतो, ब्रॅकनेलला एका घरातली मागची खोली भाड्यानं घेऊन राहत होतो आणि सॉफ्टवेअर लिहीत होतो. कोणीतरी कोणाला तरी सांगितलं, आणि एका रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून हॅरोच्या या हॉलमध्ये बसलो होतो. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो: पगार, शिक्षण, घरी कोण कोण, धाकट्या भावाचं काय चाललंय. सासऱ्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "ब्रॅकनेलहून इथं यायला गाड्या किती बदलाव्या लागतात?"

मी सांगितलं. वॉटरलूपर्यंत एक, मग ज्युबिली, मग मेट्रोपॉलिटन.

"रविवारी?"

"रविवारी कधी कधी रुळांचं इंजिनिअरिंग वर्क असतं. मग बस."

ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "लांब आहे." आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. पुढे कित्येक वर्षं मी हा प्रसंग पार्ट्यांमध्ये रंगवून सांगत असे, त्यांच्या आवाजाची नक्कल करून. पगाराऐवजी टाइमटेबल विचारणारे सासरे. लोक हसत. लग्नानंतर आम्ही पिनरला घर घेतलं, कारण बायको म्हणाली तिथं शाळा चांगल्या आहेत, आणि मी अजूनही ब्रॅकनेलला रोज उलट्या दिशेनं गाडी चालवत जातो. ते दोन स्टेशनांचं अंतर कोणी आणि कशासाठी ठरवलं होतं, हा प्रश्न मला त्या हिवाळ्यातल्या रविवारपर्यंत पडला नव्हता.

असो. स्थळाची माहिती हवी ना? मी ती घरपोच आणायचं ठरवलं.

माझी कंपनी मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवते. जगभरचे कंटेनर कुठे आहेत हे आमच्या स्क्रीनवर हिरव्या ठिपक्यांनी दिसतं. त्यात एक जाड हिरवी रेघ आहे, चीनच्या पोटातून पूर्वेकडे समुद्रापर्यंत गेलेली. ती यांगत्से नदी. तिच्यावर ठिपके मुंग्यांसारखे सरकत असतात, आणि ते जिथून निघतात त्या गुच्छाचं नाव चोंगचिंग. समुद्रापासून इतक्या आत असूनही ते बंदर आहे, याची मला पहिल्या दिवसापासून गंमत वाटायची. तिथून डबा निघतो, नदीनं शांघायला जातो, तिथं मोठ्या बोटीवर चढतो, आणि काही आठवड्यांनी इथं फेलिक्सस्टो बंदरात उतरतो. त्या ठिपक्यावर बोट ठेवलं की आत काय आहे ते दिसतं. डब्याच्या मनात काय आहे, ते मात्र आमचं सॉफ्टवेअर दाखवत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी मूळचा चोंगचिंगचा. तिशी ओलांडलेला, अविवाहित, सभ्य, आणि दुपारच्या डब्यात इतकं तिखट आणणारा की आमच्या मजल्यावर मायक्रोवेव्ह त्याच्यानंतर कोणी वापरत नाही. त्याची आई त्याच्याकडेच राहते. निवृत्त हेडमिस्ट्रेस. मी त्याला म्हटलं, "रविवारी आईला घेऊन माझ्या सासऱ्यांकडे ये. त्यांना तुझ्या शहराबद्दल काही विचारायचंय." मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, आमची बघण्याची पद्धत वगैरे. तो खूप हसला. आता त्यानं ते आईला नीट सांगितलं असेल असं मी धरून चाललो, ही त्या दिवसातली एकमेव चूक.

रविवारी सासरे ब्लेझर घालून खाली आले. त्यावरून मला कळलं की त्यांनी खेळ मान्य केला आहे, आणि मी जरा घाबरलो, कारण ते कुठलाच खेळ हरण्यासाठी खेळत नाहीत. मुलगी म्हणाली, "डॅड, हे इतकं एम्बॅरसिंग आहे." पण तिनं लॅपटॉपवर नकाशे लावून ठेवले होते. बायकोनं पोहे केले होते, आणि वाटीत ठेचा काढून ठेवला होता, जो खरं तर पाहुण्यांसाठी नव्हता.

सहकारी आला. त्याची आई गडद लाल कोटात, केस चापूनचोपून बसवलेले, हातात संत्र्यांची पेटी आणि चहाचा डबा. तिनं हॉलवरून एकदा नजर फिरवली, शाळेतल्या वर्गावरून फिरवावी तशी. मग ब्लेझरमधले सासरे पाहिले. मग आतून ट्रे घेऊन येणारी आमची मुलगी पाहिली. मग तिनं आपल्या मुलाची कॉलर सरळ केली.

बोलणं इंग्रजीत आणि त्यांच्या भाषेत चाललं होतं, मुलगा मधे दुभाष्या. मी सगळं मराठीत देतो.

"तर," सासरे म्हणाले, "घराण्यापासून सुरुवात करू."

मुलीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "आजोबा, ती शहर..."

"ते शहर."

"ते शहर. दोन नद्यांच्या मधे आहे. हा यांगत्से, आणि हा च्यालिंग. इथं टोकाला मिळतात. एकाचं पाणी मातकट आणि एकाचं हिरवट. मिळाल्यावरपण थोडा वेळ वेगळे वेगळे वाहतात, बघा, फोटोत लाइन दिसते."

सासऱ्यांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ डोळे नेले. ते मूळचे कऱ्हाडचे. तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्यांनी बराच वेळ ती रेघ पाहिली.

"कऱ्हाड," ते म्हणाले, आणि मागे टेकून बसले. घराणं पास झालं होतं.

"उत्पन्न?"

सहकाऱ्यानं हे आईला सांगितलं. आई सावरून बसली आणि बोलू लागली. ती बराच वेळ बोलली. बोलता बोलता तिनं बोटांवर काही मोजलं, एकदा मुलाच्या दंडाला हात लावला, एकदा छाती ठोकल्यासारखं केलं. मुलगा आधी गुलाबी झाला, मग तिच्या कोटाच्या रंगाचा.

"काय म्हणतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आई म्हणते..." तो थांबला. "आई म्हणते की माझी नोकरी पर्मनंट आहे. फ्लॅट माझ्या नावावर आहे. लहानपणी दमा होता, पण आता अजिबात नाही."

मुलीच्या घशात चहा अडकला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही, कारण अजून मला त्याच घरात राहायचंय.

मग सहकाऱ्यानं खाली मान घालून आईला समजावलं. ही माणसं मला बघत नाहीयेत. शहराला बघताहेत. आईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिचा चेहरा क्षणभर उतरला, हे मी पाहिलं. तिला मुलगी आवडली होती. पण आयुष्यभर शाळा चालवलेली बाई, तिनं लगेच परिस्थितीचा ताबा घेतला.

"ती म्हणते, ठीक आहे. तुम्ही शहराला बघताय. मग शहरानंही मुलीला बघायला हवं."

"रास्त आहे," सासरे म्हणाले. "विचारा."

"तिखट खाते का?"

मुलीनं उत्तर देण्याऐवजी ठेच्याची वाटी पुढे ओढली, पोह्यांवर चमचाभर घातला आणि खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत राहिली. हेडमिस्ट्रेसनं ते पाहिलं. मग स्वतः एक चमचा घेतला, नुसता, कशाबरोबर नाही. आम्ही सगळे थांबलो. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषासुद्धा हलली नाही. तिनं वाटी आपल्याजवळ सरकवून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला.

"जिने चढता येतात का? आमच्याकडे सपाट जागा नाही. बाजारात जायचं म्हणजे जिना, शाळेत जायचं म्हणजे जिना."

आणि इथं एक गोष्ट घडली. मुलीनं तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "ही रोज स्टेशनवरून टेकडी चढून घरी येते. हातात सामान घेऊन. गुडघे उत्तम आहेत. मी स्वतः पाहिलेत."

बायकोनं आणि मी एकमेकांकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

"पण कठडे आहेत का?" त्यांनी लगेच स्वतःला आवरलं. "जिन्यांना."

"काही ठिकाणी," सहकारी म्हणाला.

"काही ठिकाणी म्हणजे? माणूस काही ठिकाणीच पडतो का?"

मुलगी पुढे सरसावली. "आजोबा, तोच तर माझा प्रोजेक्ट आहे."

मग उत्पन्नाचं राहिलेलं पुन्हा निघालं. सहकाऱ्यानं सांगितलं की तिथं मोटारी बनतात, मोटरसायकली बनतात, आणि लॅपटॉप तर इतके की आपल्या घरातला एखादा तिथलाच असेल. सासऱ्यांनी मुलीचा लॅपटॉप उचलून उलटा केला आणि खालचं लेबल वाचलं.

"चीनमध्ये बनला एवढंच लिहिलंय. गावाचं नाव नाही."

"गावाचं नाव कोणी लिहीत नाही, डॉक्टर."

"लिहायला पाहिजे," ते म्हणाले, आणि लॅपटॉप जपून खाली ठेवला, जणू तो आता कोणाचा तरी आहे.

मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. ते स्वतः इथं आले त्याची गोष्ट ते दरवर्षी गणपतीला जमलेल्या मंडळींना सांगतात. सिंगल तिकीट, एक सूटकेस, आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी, जी वाटेत फुटली आणि ज्यामुळे इंटरव्ह्यूच्या सुटाला पुढे कायमचा मोहरीचा वास राहिला. "सिंगल तिकीट," ते प्रत्येक वेळी बोट वर करून म्हणतात, "रिटर्न काढायला परवडलंच नाही." लोक हसतात. आईला त्यांनी दोन वर्षांत येतो असं सांगितलं होतं, एवढा भाग ते मंडळींना सांगत नाहीत. तो मला सासूबाईंनी सांगितला होता. ते पुढे सुट्टीवर जात राहिले, पाहुण्यासारखे. आई गेली तेव्हा कऱ्हाडला पोचले, ते सगळं उरकल्यावर.

"आता येण्याजाण्याचं सांगा," सासरे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

या विषयावर आमची मुलगी खुलते. तिचे हात उडू लागले. तिथं एक मोनोरेल आहे, ती रहिवासी इमारतीच्या पोटातून जाते, मधल्या मजल्यांवर स्टेशन आहे, वरखाली लोक राहतात. नदीवरून केबल कार जाते, आणि ती टुरिस्टांसाठी बांधलेली नव्हती, लोक तिनं कामाला जायचे. एक लांबच लांब सरकता जिना आहे, त्याला बसमध्ये असतं तसं तिकीट आहे. मेट्रोचं एक स्टेशन इतकं खोल आहे की वर यायला गाडीत बसलो त्याहून जास्त वेळ लागतो. एका इमारतीत तुम्ही खालच्या रस्त्यावरून शिरता, लिफ्टनं गच्चीवर जाता, आणि गच्चीच्या दाराबाहेर पुन्हा रस्ता आणि बस उभी.

"म्हणजे तळमजला कोणता?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही कुठून आलात त्यावर आहे," सहकारी म्हणाला.

"आणि इथून तिथं कसं जायचं?"

मग आम्ही सगळेच तुटून पडलो. मुलगी म्हणाली, विमान, एकदा बदलायचं. सहकारी म्हणाला, शांघायला उतरून वेगवान रेल्वेनं पण जाता येतं, बोगदे फार आहेत पण जेवण चांगलं मिळतं. त्याची आई म्हणाली, नदीनं जावं, खिंडी बघत बघत, धरणाशी बोट पायरी पायरीनं वर उचलतात. मी माझे ठिपके काढले. बायकोनं विचारलं, रेल्वे पार इकडेपर्यंत येते का, तर सहकारी म्हणाला, मालगाडी येते, थेट जर्मनीपर्यंत. आम्ही इतके रंगलो की कोणी ऐकणारा आहे याचा विसर पडला.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला कप बशीत ठेवला.

"तासभर मी ऐकतोय," ते म्हणाले. "जायचं कसं, ते सगळ्यांनी सांगितलं. यायचं कसं, ते कोणी बोलेना."

मला एकदम वॉटरलू आठवलं, ज्युबिली आठवली, आणि इस्त्रीचा शर्ट. रविवारी? लांब आहे. ते माझं टाइमटेबल विचारत नव्हते. आपली मुलगी रविवारी घरी येऊ शकेल का, ते विचारत होते. मी त्यावर इतकी वर्षं टाळ्या घेतल्या होत्या.

हेडमिस्ट्रेसनं मुलाला कोपरानं ढोसलं. काय झालं? त्यानं हळू आवाजात सांगितलं. तिनं ठेच्याची वाटी बाजूला सरकवली. मग बोलली, आणि या वेळी बोटांवर काही मोजलं नाही.

"आई म्हणते, नदी खाली नेते ती फुकट नेते. वर यायचं तेव्हा पूर्वी नावेला दोर बांधायचे, आणि काठावरच्या खडकांवरून माणसं तो खांद्याला लावून ओढायची. तिच्या आजोबांनी पाहिलं होतं. आता धरणानं पाणी शांत झालं, बोटींना इंजिनं आली. पण पूर्वी कोणीतरी ओढल्याशिवाय वर येता यायचं नाही."

"आणि तुम्ही?" सासऱ्यांनी थेट तिला विचारलं. "तुम्ही इथं कशा?"

तिला प्रश्न भाषांतराशिवाय कळला असावा, कारण ती लगेच बोलली. "सहा महिन्यांसाठी आले होते," मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून ते सहा महिने केव्हाच उलटून गेलेत हे कळलं. "तिकडे मागं ओढणारं कोणी नव्हतं, असं ती म्हणते." मग तो आईला काहीतरी म्हणाला, बहुतेक 'आता कशाला ते'.

मुलीनं लॅपटॉप बंद केला.

"आजोबा, मी नाही म्हणून कळवते. खरंच. इट्स फाइन. अशी ऑफर परत येईल कधीतरी."

आणि अशा वेळी आमच्याकडे जे होतं तेच झालं. बायको उठली आणि तिनं सगळ्यांच्या बशीत न विचारता आणखी पोहे वाढले. बोलणं पोह्यांवर गेलं. हे तांदळाचेच का? भिजवायचे किती? हेडमिस्ट्रेसनं एक पोहा बोटांवर घेऊन उजेडात धरला. सहकाऱ्यानं उरलेला ठेचा डब्यात भरून मिळेल का, असं विचारलं. ब्रॅकनेलच्या मायक्रोवेव्हसाठी मी मनातल्या मनात शोक केला. संत्री सोलली गेली. सासऱ्यांनी एक संत्रं सोललं, फोडी वेगळ्या केल्या, शिरा काढल्या, आणि बशी नातीपुढे सरकवली. स्वतः एकही खाल्ली नाही. ती शाळेत जायची तेव्हापासून ते असंच करतात.

अंधार पडायच्या आत निघतो, असं पाहुणे म्हणाले. आम्ही सगळे पॅसेजमध्ये दाटीवाटीनं उभे राहिलो. कोट, मफलर, बुटांच्या नाड्या. दार उघडलं, आणि टेकडीवरचं गार वारं आत आलं. हेडमिस्ट्रेस लाल कोटाची बटणं लावता लावता थांबली आणि मुलाला काहीतरी म्हणाली.

"आई विचारते, मग शहराचं काय ठरलं? पसंत आहे का?"

मी पुढे झालो, कारण हा माझ्या विषयातला प्रश्न होता. "त्यांना सांग, आमच्यात उत्तर लगेच द्यायची पद्धत नाही. समोरासमोर कोणी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. फक्त 'कळवतो' म्हणायचं आणि दार लावायचं. मग पुढे कधीतरी..."

माझ्या मागे सासरे उभे होते, ब्लेझर आणि घरातल्या सपाता घालून. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि पाहुण्यांकडेही बघत नव्हते. नातीच्या हातात त्या संत्र्याच्या फोडींची बशी अजून होती. तिच्याकडे बघत, दार सताड उघडं असताना, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"तिकीट रिटर्नच काढायचं, कळलं का? मी काढलं नव्हतं."